खुर्चीखालची खूण

रविवारी दुपारी तीनपासून गुण्याभाऊ टीव्ही हलवत होते. खिडकीशेजारी काचेवर उजेड पडतो म्हणून त्यांनी तो कपाटाजवळ आणला. तिथे वायर पुरेना. मग दाराकडच्या भिंतीला लावून पाहिला, तर दार उघडलं की निम्मा टीव्ही झाकला जायचा. शेवटी चार वाजता टीव्ही गेली नऊ वर्षं जिथे होता तिथेच जाऊन बसला आणि गुण्याभाऊ घाम पुसत म्हणाले, "हां, आता कसा शोभतोय!"

"तासभर फिरवून आणलात बिचाऱ्याला," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पाय मोकळे झाले असतील त्याचे."

गुण्याभाऊंनी ते ऐकलंच नाही. त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्याला गुण्या लावला, एक डोळा मिटून पाहिलं आणि टीव्ही केसभर डावीकडे सरकवला. गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन तपासायचं अवजार. ते या माणसाच्या हातून कधी सुटत नसे. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी आधी टेबलाचा कोपरा तपासणार आणि मग ताटावर बसणार. त्यामुळे ओळखीच्या लोकांनी त्यांचं मूळ नाव केव्हाच निकालात काढलं होतं. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

पुढे दुकान आणि मागे घर, अशी त्यांची मांडणी होती. पुढे गुण्याभाऊ लाकूड कापत, जोडत. त्यांचं काम संपलं की वस्तू वहिनींकडे यायची, कारण पॉलिश त्यांचं होतं. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं. दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वस्तूला शेवटचा हात वहिनींचा लागलेला असे, आणि या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. बोलून दाखवण्यासारखा दुसरा माणूसही घरात नव्हता. मुलगी लग्न होऊन लांब राहत होती आणि तिला पॉलिशच्या वासाने शिंका यायच्या.

दीड महिन्यापूर्वी एक माणूस दुकानात आला होता. टीव्हीवरच्या एका मालिकेला लागणारं सामानसुमान पुरवायचं त्याचं काम. त्याला एक खुर्ची हवी होती. जुन्या घाटाची, हातांची, दणकट दिसणारी, आणि आठ दिवसांत. दोघं दुकानात बराच वेळ हळू आवाजात बोलले. तो गेल्यावर गुण्याभाऊ आत येऊन म्हणाले, "आपली खुर्ची टीव्हीत दिसणार आहे," आणि गालातल्या गालात हसले. आणखी काय ते विचारलं तर म्हणाले, "तेव्हाच बघ. एक गंमत आहे."

गेल्या आठवड्यात त्या माणसाचा फोन आला. तुमच्या खुर्चीचा भाग रविवारी सहा वाजता लागणार, असली धमाल झालीय म्हणाला, चुकवू नका. झालं. स्वतःचं काम बघायला उभ्या आयुष्यात कुणालाही न बोलावणाऱ्या गुण्याभाऊंनी त्याच संध्याकाळी तीन जणांना घरी यायचं आमंत्रण दिलं आणि चौथ्या दिवशी परत आठवणही करून दिली.

वहिनींना ते बघून बरं वाटत होतं. कारण त्याआधीचे काही महिने घर फार गप्प झालं होतं. गुण्याभाऊ कामात असले तरी मधेच थांबायचे, हातातलं लाकूड फिरवून फिरवून बघायचे. एक छोटी वही त्यांनी खिशात ठेवायला सुरुवात केली होती. वहिनी आल्या की ती बंद व्हायची. काय होतंय असं विचारलं तर "काही नाही" हे ठरलेलं उत्तर. आता आठ दिवस ते शीळ घालत होते. बेसूर होती, पण शीळ होती.

मात्र वहिनींच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती त्यांनी वर्षभर कुणालाही कळू दिली नव्हती.

गुण्याभाऊंची पद्धत अशी होती की खुर्ची असो, बाक असो, आधी सगळे सांधे कोरडेच जोडून बघायचे. मग सुटे करून सरस लावायचा, पुन्हा ठोकून बसवायचे, शिकंज्यात आवळून ठेवायचे. आणि सरस लावून झाला की त्या सांध्याखाली पेन्सिलीने बरोबरची एक बारीक खूण करायची. खूण आहे म्हणजे सरस आहे. खूण नाही म्हणजे नाही. वहिनी पॉलिशला वस्तू उलटी करत तेव्हा ती खूण आपसूक दिसायची. अडतीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं, कारण ती नसायची असं कधी झालंच नव्हतं.

मागच्या वर्षी एका स्टुलाचा पाय त्यांच्या हातात आला. खूण नव्हती, सरस नव्हता, आणि स्टूल तर गुण्याभाऊंनी "झालं" म्हणून आत पाठवलं होतं. वहिनी स्टूल मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या. आवाज द्यावा असं वाटलं. मग नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आपल्या हातून वाकडं काम गेलं हे कळलं तर हा दोन दिवस जेवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी गुपचूप सरस लावला, शिकंजा आवळला, आणि पेन्सिल घेऊन त्याच्यासारखीच खूण केली. हुबेहूब. नवऱ्याच्या सगळ्या गोष्टी उचलल्या होत्या, त्यात ही एक.

त्यानंतर त्यांना चैन पडेना. गुण्याभाऊ रोज चार वाजता पलीकडच्या वेल्डरकडे चहाला जात. ते गेले की वहिनी दुकानात शिरायच्या आणि एकेक वस्तू उलटी करून बघायच्या. खूण दिसली नाही की सरसाचा डबा उघडायच्या, खूण करायच्या आणि ते परतायच्या आत शिकंजे जागेवर ठेवायच्या. ती टीव्हीतली खुर्चीसुद्धा त्यांनी अशीच वाचवली होती. दुसऱ्या दिवशी माणूस न्यायला येणार, आणि आदल्या दिवशी चार वाजता बघतात तर काय, आठही सांधे कोरडे! टीव्हीत दिसायची खुर्ची आणि तिचे सांधे कोरडे! पॉलिशच्या निमित्ताने खुर्ची आत नेऊन, हात भरभर चालवून वहिनींनी सगळं पार पाडलं, रात्रभर ती झाकून ठेवली, सकाळी स्वतः उठून शिकंजे काढले, पॉलिशचा शेवटचा हात दिला आणि खुर्ची जुन्या चादरीत गुंडाळून दोरीने बांधली, म्हणजे कुणी उलटीसुलटी करायला नको. त्या दिवशी त्यांना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली होती.

साडेपाचला पहिल्यांदा वेल्डर आला. त्याचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं आणि आवाज असा की दार ठोठावायची गरज पडत नसे. मागून गादीवाली आली. ती सोफ्यांना कापड चढवायची, खुर्च्यांच्या गाद्या शिवायची आणि ही मालिका एकही दिवस न चुकवता बघायची. शेवटी मास्तर आले. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती आणि गुण्याभाऊंशी त्यांची मैत्री काटकोनावरून झाली होती.

"बसा, बसा," गुण्याभाऊ म्हणाले. "मास्तर, तुम्ही इथे, मधोमध. वेल्डर, तू कडेला. तुझं डोकं मोठं आहे."

"माझं डोकं मोठं, आणि तुमची खुर्ची मजबूत आहे ना?" वेल्डरने बसताना मुद्दाम खुर्ची करकरवून पाहिली. "लोखंडाचं असतं तर विचारलं नसतं."

"लोखंडाच्या खुर्चीवर बसून उठलास की पाठीवर वेल्डिंगच्या गाठी उमटतात तुझ्या," गादीवाली म्हणाली. "माझ्या गादीशिवाय तुझ्या खुर्चीवर मांजरसुद्धा बसत नाही."

वहिनींनी भाजलेले शेंगदाणे आणि बटाट्याचे तळलेले काप आणून ठेवले. गादीवालीने सगळ्यांना मालिका समजावून सांगायला घेतली. एक मोठं घर आहे. त्यात एक मोठे काका आहेत, चांगले शंभर किलोचे, सगळ्यांवर हुकूम सोडणारे. आणि एक धाकटी सून आहे, ती त्यांच्यावर डूख धरून आहे. आज काकांचा साठावा वाढदिवस आहे.

"बरोबर," गुण्याभाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "आता सांगायला हरकत नाही. त्या सुनेने काकांच्या खुर्चीचे सांधे खिळखिळे करून ठेवलेत. काका सगळ्या पाहुण्यांदेखत बसणार आणि खुर्ची मोडणार. तीच माझी खुर्ची."

"मोडणार?" मास्तरांनी विचारलं.

"मोडणारच! तशीच मागितली होती त्यांनी. दिसायला दणकट, पण वजन पडलं की आठही सांधे एकदम सुटले पाहिजेत. सोपं काम नाही ते. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी सांधे नेमके केले, हाताने उचलली तर हलणार नाही, आणि सरसाचा एक थेंब लावला नाही. एक थेंब नाही." हे शेवटचं ते जरा जास्तच ठासून बोलले.

वहिनींच्या हातात रिकामी ताटली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"अहो, चाळीस वर्षांत न मोडणाऱ्या खुर्च्या केल्यात आणि टीव्हीवर दाखवणार मोडलेली!" वेल्डर खो खो हसला. "पाटी लावा दुकानावर."

"लावतो की," गुण्याभाऊ म्हणाले आणि वहिनींकडे वळून पाहिलं. "काय, म्हटलं नव्हतं गंमत आहे म्हणून?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

सहा वाजले. मालिका सुरू झाली. तसं पाहिलं तर त्या खोलीत मालिका बघणारी एकटी गादीवालीच होती, आणि तिचंही अर्धं लक्ष सोफ्याच्या कापडावर होतं. "शिवण बघा, उसवायला आलीय," ती म्हणाली. वेल्डरला खिडकीचे गज पातळ वाटले. मास्तरांना जिन्याच्या पायऱ्या असमान उंचीच्या दिसल्या. गुण्याभाऊंनी टेबल प्लायवुडचं आहे हे सांगून टाकलं. पडद्यावर एक बाई रडत होती, तिच्या रडण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग खुर्ची दिसली. मोठ्या दिवाणखान्यात मधोमध, फुलांच्या माळा लावलेली. तिचं पॉलिश दिव्यांखाली असं झळकत होतं की गादीवालीने "अगं बाई" म्हटलं. एरवी वहिनींना आनंदाने रडू आलं असतं. आता त्यांना फक्त आठ सांधे दिसत होते आणि त्या सांध्यांत मुरलेला, स्वतः डोळ्यांत तेल घालून लावलेला सरस.

त्या मनाशी हिशेब मांडू लागल्या. कदाचित वजनाने सुटले असतील. शंभर किलो म्हणजे काही थोडं नाही. पण सरस कोणता, शिकंजे किती आवळले, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या खुर्चीवर दोन काका बसले तरी ती हलली नसती.

काका हसतमुखाने खुर्चीकडे निघाले. सून खांबाआडून बघत होती. काकांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला, आणि जाहिरात लागली.

"मेले!" गादीवाली ओरडली.

वहिनी चहा आणायच्या निमित्ताने उठल्या. गुण्याभाऊ कप घ्यायला मागोमाग आले. स्वयंपाकघरात दोघंच होते. बाहेर साबणाच्या जाहिरातीचं गाणं चाललं होतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"काय गं?"

आता सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? खुर्चीला सरस लावला एवढं सांगून भागणार नव्हतं. का लावला, हे पाठोपाठ आलं असतं. मग स्टूल आलं असतं. मग रोजचे चार वाजले असते. आणि समोर हा माणूस बशा पुसत, शीळ घालत उभा होता. इतक्या महिन्यांनी.

"साखर कमी घालू का मास्तरांना?" त्यांनी विचारलं.

"घाल की कमी," गुण्याभाऊ म्हणाले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "माहितीय, मला ही मोडलेली बघायचीच आहे. फार बघायचीय." आणि कप घेऊन बाहेर गेले. त्यांनी असं का म्हटलं ते वहिनींना कळलं नाही. खुर्ची मोडण्याची एवढी आस कुणाला असते?

त्या बाहेर येऊन दाराशीच उभ्या राहिल्या. जाहिराती संपल्या.

काकांनी पाहुण्यांना हात जोडले, अंग सैल सोडलं आणि दाणकन खुर्चीत बसले.

खुर्ची ढिम्म.

पडद्यावर सुनेचे डोळे मोठे झाले. काका क्षणभर जरा चपापले. खुर्ची मोडायची हे त्या नटालाही सांगितलेलंच असणार. मग ते उठले आणि पुन्हा बसले, या वेळी जास्त जोरात. खुर्ची तशीच. तेव्हा त्या नटाने कमाल केली. तो आरामात मागे रेलला, एका पायावर दुसरा पाय टाकला, खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि म्हणाला, "आमच्या घरात एवढी एकच वस्तू आहे, जी मला सहन करते." सगळे पाहुणे हसले, आणि सून रागाने पाय आपटत निघून गेली. सामान पुरवणाऱ्या माणसाची धमाल ती हीच.

मग वेल्डरला हसू आवरेना.

"अहो गुण्याभाऊ! मोडकी मागितली तर न मोडणारी दिलीत! तुमच्या हाताला वाईट काम जमतच नाही बघा!"

तो हे कौतुकानेच बोलत होता. गादीवालीही हसत होती. मास्तरांनी मात्र गुण्याभाऊंकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं हो असं. सवयीचे हात असतात. सरस लावून गेले असाल, लक्षातही राहिलं नसेल. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो."

"नाही," गुण्याभाऊ म्हणाले. "मला चांगलं आठवतंय. मी लावला नव्हता."

"मग टिकली कशी?" वेल्डर म्हणाला.

गुण्याभाऊंनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा आनंद पार उतरला होता. राग नव्हता, लाज नव्हती. भीती होती. अडतीस वर्षांत वहिनींनी त्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती, आणि ती बघून त्यांचा जीव कळवळला.

"लावला असेन," ते हळूच म्हणाले. "लावलाच असणार. नाहीतर टिकली कशी."

वहिनी दारातून पुढे आल्या. चार माणसांत बोलायचं की नाही, याचा विचार करायला वेळच नव्हता. हा माणूस अजून एक मिनिट त्या हातांकडे असाच बघत बसला, तर ते त्यांना सहन झालं नसतं.

"तुम्ही नाही लावला," त्या म्हणाल्या. "मी लावला."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आदल्या दिवशी चार वाजता. तुम्ही चहाला गेला होता. मी खुर्ची उलटी केली तर खूण नव्हती. मला वाटलं..."

"तुला वाटलं मी विसरलो."

"हो."

वेल्डर काहीतरी गमतीचं बोलायला गेला, पण गादीवालीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. गुण्याभाऊ वहिनींकडे टक लावून बघत होते.

"खूणही तूच केलीस? माझ्यासारखी?"

"हो."

"आणि शाळेच्या बाकांना?"

"त्यांनाही."

गुण्याभाऊ उठले. पाहुण्यांना "आलोच" म्हणाले आणि दार ढकलून दुकानात गेले. आता हा आवाज चढवणार, अशी मनाची तयारी करून वहिनी मागोमाग गेल्या. आत खिडकीतून संध्याकाळचा उजेड भुश्यावर पडला होता. गुण्याभाऊ काम करायच्या लांब टेबलाला टेकून उभे होते. त्यांच्या हातात ती खिशातली वही होती.

"वाच," ते म्हणाले.

पानावर त्यांचं ठळक अक्षर होतं. शाळेचे बाक, कोरडे ठेवलेत, मंगळवारी सरस. खाली वेगळ्या दिवशीचं: मंगळवार, सरस लावलेला आहे. कधी लावला? पुढच्या पानावर दोन खुर्च्या, मग एक मांडणी. प्रत्येक ठिकाणी खाली तोच प्रश्न होता. कधी लावला? शेवटच्या ठिकाणी अक्षर इतकं दाबून लिहिलं होतं की कागद फाटला होता.

"लाकूड ओलसर असलं की मी दोन दिवस कोरडं ठेवतो, तुझ्याकडे यायच्या आधी, ते तुला कुठलं ठाऊक," ते म्हणाले. "मग सरस लावायला जायचो, तर लागलेला! खाली खूण, माझ्याच हाताची. म्हणजे मीच लावला आणि मलाच आठवत नाही. एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं, गेलं आपलं डोकं. तुला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून ती खुर्ची आली तेव्हा ठरवलं, कुणाला बोलायचं नाही. मला पक्कं माहीत होतं सरस नाही. ती सगळ्यांदेखत मोडली असती, तर माझं डोकं ठिकाणावर आहे हे मला तरी कळलं असतं."

वहिनींनी वही त्यांना परत दिली. वर्षभर त्या या माणसाला ज्या गोष्टीपासून जपत होत्या, ती गोष्ट त्याच्या मनात त्यांनीच एकेक खूण करून पेरली होती. त्यांना रडू आलं. त्यांनी ते अडवलं नाही.

"मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही खचून जाल," त्या म्हणाल्या.

"मग काय, नाचत होतो का मी?" गुण्याभाऊ म्हणाले आणि त्यांना एकदम हसू फुटलं. डोळे पुसत हसले. "बाकांना तू. खुर्च्यांना तू. मांडणीला तू. अगं, सांगायचंस की!"

"तुम्ही सांगायचंत."

आतून मालिकेचं शेवटचं संगीत ऐकू येत होतं. गुण्याभाऊंनी वही मिटली.

"हे सगळं मी मुद्दाम कोरडं ठेवलेलं," ते म्हणाले. "पण तू उगाच तपासायला नसतीस लागली. आधी काहीतरी झालं असणार. खरं सांग."

खोटं बोलणं फार सोपं होतं. नुकता कुठे तो माणूस हसला होता. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ठरवलं की लपवाछपवी आता बास झाली.

"एक स्टूल," त्या म्हणाल्या. "पाय हातात आला माझ्या. मग त्या डॉक्टरांच्या टेबलाचा खण. आणि दिवाळं निघालेल्या त्या पुस्तकवाल्याची शिडी. ही तिन्ही तुम्ही झाली म्हणून आत पाठवली होती."

"तीन."

"तीन."

"वर्षात तीन," गुण्याभाऊ स्वतःशीच म्हणाले. त्यांनी ते मापून बघितल्यासारखं थोडा वेळ मनात धरलं. "वाईट आहे. पण मी फारच वाईट धरून चाललो होतो."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि खण उघडून एक तांबडी पेन्सिल शोधून काढली. ती वहिनींच्या हातात दिली.

"यापुढे तपासत जा. रोज तपास. पण माझी खूण करायची नाही. माझं राहिलं असेल तिथे तू तांबडा गोल कर. माझी चूक झाली तर ती मला दिसली पाहिजे."

वहिनींनी मान हलवली. सवयीने त्यांची नजर दुकानभर फिरली, आणि कोपऱ्यातल्या एका स्टुलावर थांबली. ते काल संध्याकाळी पूर्ण झालं होतं. उद्या पॉलिशला घ्यायचं होतं. त्यांनी जाऊन ते उलटं केलं. तीन पायांखाली खूण होती. चौथ्याखाली नव्हती.

कालपर्यंत त्यांनी ते परत सरळ करून ठेवलं असतं आणि उद्याचे चार वाजायची वाट पाहिली असती. आज त्यांनी ते उचलून टेबलावर, उजेडात आणून ठेवलं.

"हे मुद्दाम ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

गुण्याभाऊंनी पाय हलवून पाहिला. खिशाकडे हात गेला, वहीसाठी, आणि तिथेच थांबला. ते आठवत होते. वहिनींनी घाई केली नाही. आतून वेल्डर ओरडला, "अहो, दुसरा चहा मिळणार आहे का, की निघू?"

"थांब रे!" गुण्याभाऊ ओरडले. मग वहिनींकडे बघून साध्या आवाजात म्हणाले, "नाही. हे विसरलो."

त्यांनी सरसाचा डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं. वहिनींनी पाय सुटा करून दिला, त्यांनी सरस लावला, दोघांनी मिळून तो ठोकून बसवला. शिकंजा आवळून झाल्यावर गुण्याभाऊंनी कानावरची पेन्सिल काढून आपली खूण केली.

"म्हणजे चार झाले," ते म्हणाले.

"चार," वहिनी म्हणाल्या, आणि त्या खुणेशेजारी त्यांनी तांबडा गोल काढला.